मधले वर्ष

आपल्या भाषेत तीन गोष्टी बुडतात : उसने दिलेले पैसे, भरल्या नदीतली होडी आणि विद्यार्थ्याचे वर्ष. पैसे बुडाले तर माणूस कोर्टात जातो. होडी बुडाली तर काठावरचे दोन-चार जण तरी उड्या टाकतात. परंतु वर्ष बुडाले म्हटले की काठावरची सारी मंडळी नुसती हळहळत उभी राहतात, आणि जो बुडतो आहे त्यालाच विचारतात, "मग आता पुढं काय?"

हा प्रश्न आमच्या घरात २०२४ सालच्या जूनमध्ये शिरला. माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची मुलगी सई बारावी झाली होती आणि तिला डॉक्टर व्हायचे होते. त्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिचे नाव ‘नीट’. पण त्या साली तिच्यात नीट असे फारसे काही झालेच नाही. ५ मे रोजी ती झाली. देशभरातून २३ लाखांहून अधिक मुले बसली. डॉक्टरकीच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर, आणि त्यांतल्या सरकारी त्याच्या निम्म्याच्या आसपास. ४ जूनला लोकसभेची मतमोजणी चालू होती. सारा देश दूरदर्शनसमोर बसला होता, आणि त्याच संध्याकाळी हा निकाल लागला. ७२० पैकी ७२० गुण मिळालेली मुले पहिल्या यादीत ६७ निघाली. मग पेपर फुटल्याच्या तक्रारी झाल्या, आंदोलने झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २३ जुलैला न्यायालयाने सगळी परीक्षा रद्द करण्यास नकार दिला.

आमच्या सईला ६०८ गुण होते. आदल्या साली एवढ्यावर सरकारी महाविद्यालयाचे दार उघडले असते. त्या साली मात्र गुणांचा असा काही पूर आला, की ६०८ची होडी काठाला लागलीच नाही.

आषाढातल्या एका रविवारी सोलापूरला आक्काच्या घरी कुटुंबाची बैठक भरली. बैठक म्हणजे काय, प्रत्येक जण आपापला चहा पिता पिता सईचे आयुष्य ठरवीत होता. तिच्या काकांचे मत सरळ होते. "लातूरला टाका. वसतिगृह, क्लास, सगळं तिथंच. पहाटे पाचला उठवतात, रात्री अकराला झोपवतात. मान वर करायला फुरसत नाही." एक वर्ष मान वर न करणे हा जणू मोठाच लाभ होता. तिची आजी म्हणाली, "आयुर्वेदाला काय वाईट आहे? डॉक्टर तो डॉक्टर." भावोजींनी खाजगी महाविद्यालयाची फी विचारून आणली होती. ती त्यांनी मोठ्याने सांगितली नाही, एका कागदावर लिहून आक्काकडे सरकवली, आणि आक्काने तो कागद वाचून घडी घातली. त्या घडीत वैरागच्या बाजूची त्यांची अडीच एकर जमीन होती, हे सर्वांना ठाऊक होते. कुणी म्हणाले, बी.एस्सी.ला नाव घालून ठेवावे, म्हणजे वर्ष ‘धरल्यासारखे’ होईल.

सई इतका वेळ पेपरवाल्याची रद्दी बांधीत बसली होती. तिने सुतळीची गाठ मारली आणि म्हणाली, "मी मावशीकडे जाते. एक वर्ष."

सर्वांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या हातातली बशी हलली. चहा सांडला नाही एवढेच.

का हलली ते सांगायला हवे. १९९६ साली मी दहावी झाले. जुनी माणसे अजून मॅट्रिक म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यात जरा भारदस्त वाटते. गुण चांगले होते. बार्शीच्या कॉलेजचा अर्ज आणून ठेवला होता. त्याच मृगात आईला अर्धांगवायूचा झटका आला. आक्का तेव्हा डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती. रात्री वडील माझ्याजवळ येऊन बसले. ते फार थोडे बोलत. म्हणाले, "एक वर्ष थांब, पोरी. आक्काचं होऊ दे. मग तू जा." मी मान डोलावली. सोळा वर्षांच्या मुलीला एक वर्ष म्हणजे काय वाटणार? दिवाळी, संक्रांत, शिमगा, आणि संपले.

आक्काचे डी.एड. झाले. तिला लांबच्या तालुक्यात जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. मग तिचे लग्न. आई सहा वर्षे अंथरुणावर होती. ‘आता पुढच्या जूनमध्ये’ असे म्हणता म्हणता ते एक वर्ष माझ्या अंगाखांद्यावर असे वाढले की मीच त्याच्यात राहू लागले. पुढे मी गावच्या बालवाडीत शिकवू लागले, लग्न झाले, लिहू लागले, पुस्तके निघाली. लोक मला बाई म्हणतात, लेखिका म्हणतात. पण कुठल्याही अर्जावर ‘शिक्षण’ हा रकाना आला की माझा पेन अजूनही अर्धा क्षण थांबतो.

तेव्हा ‘एक वर्ष’ हे शब्द ऐकून बशी हलणारच. रात्री आक्का स्वयंपाकघरात भांडी विसळताना सहज म्हणाली, "जाऊ दे तिला तुझ्याकडे. एक वर्षच तर आहे." ती बोलून गेली आणि तिच्या हातातला तांब्या तसाच नळाखाली भरून वाहू लागला. मी नळ बंद केला. दोघीही पुढे काही बोललो नाही. अठ्ठावीस वर्षे आम्ही ज्या विषयावर बोललो नव्हतो, त्यावर आणखी एक रात्र बोललो नाही, इतकेच.

सई आली ती पुस्तकांच्या दोन पेट्या घेऊन. आमचे गाव बार्शी तालुक्यातले, शाळू ज्वारीचे. सगळी मुले इथून येडशी-मुरूडच्या वाटेने लातूरला शिकायला जातात. ही एकटीच उलट्या दिशेने शिकायला आलेली. गावाला तिचे मोठे नवल वाटले. पहिल्याच दिवशी तिने माडीवरच्या भिंतीला एक कागद चिकटवला. त्यावर वेळापत्रक असेल असे मला वाटले. कागदावर फक्त एवढेच होते : ‘हे वर्ष मे २०२५ मध्ये संपेल. निकाल काहीही लागो.’

मी तो कागद कितीतरी वेळ वाचीत उभी राहिले. दोनच वाक्ये होती, पण १९९६ साली ती मला कुणी लिहून दिली नव्हती, आणि मलाही लिहायची सुचली नव्हती.

आता घरात शिकणारे मूल आले की शिक्षिकेच्या अंगात येते. मी तिला एक दिवस जेवताना आनंदीबाई जोश्यांची गोष्ट सांगितली. आनंदीबाई १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या; कॉलेज सुरू व्हायचे होते ऑक्टोबरात. मधले महिने त्या न्यूजर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. परकी भाषा, परके अन्न, परकी माणसे, सगळ्यांशी जुळवून घेत. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. "म्हणजे बघ," मी समारोप केला, "मधला काळही वाया जात नाही." सईने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि म्हणाली, "मावशी, त्यांना नीट नव्हती."

यानंतर मी गोष्टी सांगणे बंद केले.

ती अभ्यास करी तो मात्र मन लावून. पहाटे पाच ते नऊ, दुपारी तीन तास, रात्री दोन तास. महिन्यातून दोनदा सराव-परीक्षेला बार्शीला जाई. एकदा तिने मला गुणांचे गणित समजावून दिले. बरोबर उत्तराला अधिक चार, चुकलेल्याला वजा एक, सोडून दिलेल्याला शून्य. मग पेन्सिल दातांत धरून म्हणाली, "मावशी, या वर्षाचं काय धरायचं गं? वजा एक की शून्य?" तिने ते हसत विचारले होते. मी हसले नाही, कारण माझ्या वर्षाचे उत्तर मला एकदम सापडले होते. तो सोडून दिलेला प्रश्न होता. वजा नाही, अधिक नाही, कोरा.

आमच्या शेजारी सुरेखाबाई राहतात. त्या आशाताई आहेत. ज्यांच्या खेड्याशी संबंध उरला नाही त्यांच्यासाठी सांगते : २००५ साली सरकारने ग्रामीण आरोग्य अभियान काढले, तेव्हा साधारण हजार वस्तीमागे गावातलीच एक बाई आरोग्याच्या कामाला नेमली, ती आशा. सुरेखाबाईही माझ्यासारख्याच दहावी झालेल्या. घरी बाळंतीण आली की बेचाळीस दिवसांत सहा वेळा त्यांनी त्या घरी जायचे असते : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच बाळंत झाली असेल तर पहिल्या दिवशीचीही एक खेप वाढते. पिशवीत तापमापक, झोळीचा काटा आणि घड्याळ. या साऱ्याच्या मुळाशी गडचिरोलीतले काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळ कसे पाहावे ते शिकवले, आणि त्याने अर्भकांचे मृत्यू घटतात हे दाखवून दिले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

दसऱ्यानंतर एक दिवस सई म्हणाली, "मी रविवारी सकाळी सुरेखाबाईंबरोबर जाऊ? नुसती पिशवी धरीन."

"त्याने गुण वाढतील?"

"नाही," ती म्हणाली. "एकही नाही."

तिने काही तरी भव्य कारण सांगितले असते तर मी कदाचित नको म्हटले असते. पण ‘एकही नाही’ हे उत्तर इतके प्रामाणिक होते की मी हो म्हणून बसले. सुरेखाबाईंनी अट घातली : बाळाला हात लावायचा नाही, मध्ये बोलायचे नाही, आणि एका घरातले दुसऱ्या घरात सांगायचे नाही. सईने तिन्ही कबूल केल्या. मीही एक गोष्ट मनाशी कबूल केली, ती म्हणजे हे आक्काला कळवायचे नाही.

परंतु आया या गुप्त पोलिसांच्या खात्यातूनच आलेल्या असतात. मार्गशीर्षात आक्काचा फोन आला. सराव-परीक्षेत सईचे भौतिकशास्त्राचे गुण घसरले होते, आणि रविवारची भानगड तिला कळली होती. "तिला तिथं अभ्यासाला ठेवलंय," आक्का म्हणाली, "लोकांच्या घरी पाळणे मोजायला नाही. एकेका मार्कावर हजार हजार पोरं आहेत. तुला काय कळतं त्यातलं? तू कधी..."

तिने वाक्य तोडले. पण काही वाक्ये तोडली की जास्तच पूर्ण होतात. मी म्हटले, "खरं आहे. मी कधी कॉलेजात गेले नाही." आणि फोन ठेवला. त्या रात्री मला जेवण गेले नाही. आक्काचा राग नव्हता आला. तिचे म्हणणे बरोबर असेल याची भीती वाटत होती. आपले अर्धे राहिलेले वर्ष मी या पोरीच्या वर्षात तर मिसळत नाही ना? मला जे कुणी करू दिले नाही ते हिला करू देण्याच्या हौसेत मी हिची जागा घालवली तर? दुसऱ्याच्या मुलाच्या वर्षाशी खेळण्याइतके मोठे पाप नाही. सकाळी मी सईला म्हटले, "रविवार बंद." ती म्हणाली, "बरं." तिने हट्ट केला असता तर बरे झाले असते.

दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी ती माडीवरून खाली आली. "मावशी, तू बंद म्हणालीस म्हणून मी बंद केलं. आता मी आईला फोन करून विचारते. वर्ष माझं आहे, तुमच्या दोघींच्या मध्ये नको." आणि तिने माझ्यासमोर आईला फोन लावला. काय बोलली ते मी ऐकले नाही. मी मुद्दाम परसात गेले. पंधरा मिनिटांनी ती आली. "दोन तास. भौतिकशास्त्राचे रोज चाळीस प्रश्न जास्त. ठरलं." आम्ही दोघी प्रौढ बहिणी जे अठ्ठावीस वर्षांत करू शकलो नव्हतो, ते तिने पंधरा मिनिटांत केले होते. तिने सरळ विचारले होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारची गोष्ट. शाळू काढणीला आला होता. त्या दिवशी मीही दोघींबरोबर निघाले. बाळंतिणीची थोरली मुलगी माझ्या बालवाडीत होती. बाळाचा सातवा दिवस. घर सारवलेले, दाराशी धगधगती शेगडी, आत धुरीचा वास. बाळाची आजी कौतुकाने म्हणाली, "लई गुणाचं हाय बगा. काल रातीपासनं रडलं सुदिक न्हाई."

मी म्हणणार होते, वा, छान. तेवढ्यात सुरेखाबाईंचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले. त्यांनी बाळंतिणीला विचारले, "पीतंय का?" ती म्हणाली, "कालपासनं वढत न्हाई जोरानं." सुरेखाबाईंनी बाळाचे दुपटे बाजूला केले, अंगाला हात लावून पाहिला, आणि घड्याळ सईच्या हातात दिले. "मी श्वास मोजते. तू मिनिट सांग. पुरं मिनिट. अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही; एवढ्या जिवाचा श्वास एकसारखा नसतो."

त्या मिनिटाबद्दल मला लिहायचे आहे, आणि ते लिहिता येत नाही. मी इतकी वर्षे कादंबऱ्या लिहिते आहे. एका वाक्यात दहा वर्षे उलटवते. पण ते एक मिनिट उलटेना. चूल धुमसत होती. बाहेर कुणी तरी शेळीला हाका मारीत होते. बाळाचे इवलेसे पोट वरखाली होत होते आणि बरगड्यांखाली दर श्वासाला खळगा पडत होता. सई घड्याळाकडे बघत होती, हात स्थिर. "झालं," ती म्हणाली. सुरेखाबाई म्हणाल्या, "अडुसष्ट." मग पुन्हा मोजले. सहासष्ट. साठाच्या वर गेले की बाळाला धोका असतो. तिथे घरगुती उपाय नाही, थांबणे नाही.

आजी म्हणाली, "सातव्याची पूजा हाय आज. उद्या नेऊ." सुरेखाबाई रागावल्या नाहीत, घाबरवले नाही. त्या आजीजवळ बसल्या, तिचा हात बाळाच्या बरगड्यांपाशी नेला आणि म्हणाल्या, "आत्याबाई, हे बघा. हे पोर गुणाचं म्हणून गप नाही. याच्यात रडायचं बळ नाही." आजी त्या खळग्याकडे बघत राहिली. मग स्वतःच उठली आणि म्हणाली, "बलवा गाडी." १०८ ची गाडी आली. बार्शीहून बाळाला सोलापूरला पाठवले. न्युमोनिया होता. अकराव्या दिवशी ते घरी आले, आणि आजीने सुरेखाबाईंना बोलावून सातव्याची राहिलेली पूजा मग केली.

त्या रविवारी रात्री सई बराच वेळ गच्चीवर बसली होती. मी दूध घेऊन गेले. ती म्हणाली, "मावशी, यंदा परीक्षेत एकशे ऐंशी प्रश्न आहेत आणि एकशे ऐंशी मिनिटं." जानेवारीतच तो नियम बदलला होता. "एका प्रश्नाला एक मिनिट. आम्हाला क्लासमध्ये शिकवतात, मिनिट वाचवा. चाळीस सेकंदांत सोडवा. आणि आज सुरेखाबाई म्हणाल्या, पुरं मिनिट." थोड्या वेळाने म्हणाली, "दोन्ही शिकायला लागेल, नाही का?"

मी काही म्हटले नाही. या वेळी आनंदीबाईंचीही आठवण काढली नाही.

४ मे २०२५ ला परीक्षा झाली. भौतिकशास्त्राचा भाग इतका कठीण होता की मुले रडत बाहेर आली. सई रडली नाही; पण घरी आल्यावर माडीवर जाऊन भिंतीवरचा तो कागद तिने काढला, नीट घडी घातली आणि वहीत ठेवला. "संपलं," म्हणाली. निकाल लागायला अजून सव्वा महिना होता. तिच्या लेखी वर्ष संपले होते. त्या सव्वा महिन्यात तिने माझ्याकडून पुरणपोळी शिकून घेतली, ती वाईट करते, आणि माझी दोन हस्तलिखिते वाचली, त्यांतले एक तिला आवडले नाही.

१४ जूनला निकाल आला. तिला ५३१ गुण पडले. आदल्या वर्षापेक्षा ७७ कमी! आक्काच्या घरी क्षणभर सुतक पसरले. मग हळूहळू कळले की सगळ्या देशाचेच गुण खाली आले होते. पहिल्या आलेल्या मुलालाही ६८६ च होते. जिथे ६०८ ला दार बंद झाले होते, तिथे ५३१ ला ते उघडले. सईला सरकारी महाविद्यालय मिळाले. काका म्हणाले, वर्ष कारणी लागले. आजी म्हणाली, भगवंताची कृपा. मला मात्र त्या आकड्यांकडे पाहून जरा भीतीच वाटली. गुणांनीच वर्षाची किंमत करायची तर या पोरीचे वर्ष वजा ७७ धरावे लागेल! आणि जागा मिळाली नसती तर? तर त्या फेब्रुवारीतल्या मिनिटाची किंमत कमी झाली असती का? सई म्हणते, "मावशी, जागा मिळाली म्हणून तू हे असं बोलू शकतेस." तिचे म्हणणे मला खोडता आलेले नाही. गेल्या दोन वर्षांत ज्यांची होडी दोनदाही काठाला लागली नाही अशी मुले आमच्या तालुक्यातच कितीतरी आहेत. त्यांच्या वर्षांविषयी बोलताना जपून बोलले पाहिजे. एवढे मात्र मला आता ठामपणे वाटते, की थांबण्याने कुणाचे काही बिघडत नाही. थांबायचे कुणी ठरवले, आणि ते कधी संपणार हे कुठे लिहून ठेवले आहे का, यावर सारे असते. ज्या वर्षाला शेवट नसतो ते बुडते. मग त्यात माणूस कितीही उद्योगी असो.

तिला वसतिगृहावर पोचवायला आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. गादी, बादली, कुलूप, आणि आईने दिलेला चिवड्याचा डबा खोलीत लावून झाल्यावर सईने आम्हांला फाटकापर्यंत पोचवले आणि लगेच वळली. नव्या मैत्रिणी वाट पाहत होत्या. परतीच्या एसटीत आक्का खिडकीशी बसली होती. दोन गावे मागे गेल्यावर ती बाहेर पाहतच म्हणाली, "तुझं ते वर्ष मी घेतलं. परत द्यायचं राहून गेलं."

इतकी वर्षे मला वाटे की हे वाक्य ती कधी बोलली तर मला काय काय सुचेल! प्रत्यक्षात काहीच सुचले नाही. मला आठवले ते आईच्या खाटेशेजारचे स्टूल. दुपारी तिला झोप लागली की गावच्या वाचनालयातून आणलेले पुस्तक मी त्या स्टुलावर बसून वाची. तीन वर्षांत मी ते सबंध कपाट वाचून संपवले. आईचा श्वास जरा बदलला की पुस्तकातून मान वर करी, तो सुरळीत झाला की पुन्हा वाचू लागे. म्हणजे मीही श्वासच मोजीत होते. माझ्या हाती घड्याळ नव्हते, इतकेच. मी जे काही लिहिले ते त्या स्टुलावरून उठून आले आहे.

"आता परत देऊ नकोस," मी म्हटले. "दिलंस तरी मी घेणार नाही."

हे पूर्ण खरे नव्हते. अर्जावरचा तो रकाना अजून मला अडवतो. पण ते खोटेही नव्हते. आक्काने पदराने डोळे पुसले आणि पिशवीतून चिवड्याची पुडी काढली. सईच्या डब्यातून तिने आमच्यासाठी मूठभर मागे ठेवला होता. तो आम्ही बार्शी येईपर्यंत पुरवून पुरवून खाल्ला.